दोन देशांचे पासपोर्ट आणि कोल्हापुरातला जामीन: आम्हाला काय काय करायला लागलं

हे लिहायला बसले कारण जूनमध्ये आमच्या घरावर ही वेळ आली तेव्हा मराठीत शोधून शोधून काहीच सापडलं नाही. जे सापडायचं ते मल्ल्या, नीरव मोदी, चोक्सी. साध्या घरातल्या माणसाकडं दोन देशांचं नागरिकत्व असेल आणि त्याला इथं अटक झाली तर जामिनाचं काय होतं, हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. केस अजून चालू आहे त्यामुळं आरोप काय, खरं-खोटं काय, यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. फक्त जामिनाचं लिहिते, दादाला विचारूनच लिहितेय.

दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. आत्या आणि तिचे यजमान सत्तरच्या दशकात इंग्लंडला होते, दादा तिथं जन्मला, आणि 1983 च्या आधी ब्रिटनमध्ये जन्मलेल्याला तिथलं नागरिकत्व जवळपास आपोआपच मिळायचं. पुढं ते सगळे परत आले, दादाची शाळा-कॉलेज सगळं कोल्हापुरात झालं, नंतर तो नोकरीला कॅनडात गेला आणि पंधराएक वर्षांपूर्वी तिथलं नागरिकत्वही घेतलं. म्हणजे पासपोर्ट दोन, आणि वर ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथं राहायला मिळतं ते. आत्या एकटी पडली म्हणून तीन-चार वर्षांपासून तो बहुतेक वेळ इथंच असायचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पार्टनरशिपमध्ये एक युनिट चालवायचा. पार्टनरशी बिनसलं, फसवणुकीची तक्रार झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), म्हणजे जुनं 420, जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा.

जूनमध्ये मुलीच्या पदवीदान समारंभाला तो टोरांटोला निघाला होता, मुंबई एअरपोर्टवर इमिग्रेशनला अडवलं. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवा अशी सूचना, निघालेलं होतं आणि आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. तिथनं कोल्हापूरचे पोलीस येऊन त्याला घेऊन आले. रिटर्न तिकीट होतं हो त्याच्याकडं, तीन आठवड्यांनंतरचं, आणि आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख त्याच्या पुढच्याच आठवड्यातली त्यानंच घेतलेली. पण कागदावर काय आलं, तर आरोपी देश सोडून जात असताना ताब्यात घेतला. पुढचे चार महिने हे एक वाक्य आमच्या मानगुटीवर बसलं.

इथंच एक सांगते, ज्यांच्या घरी असं काही झालंय त्यांनी पहिल्या दोन दिवसांत हे करा: रिटर्न तिकीट, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, लाइट बिल, घरफाळ्याची पावती, बँकेचं पासबुक, असं माणूस परत येणार होता आणि इथंच राहतो हे दाखवणारं जे जे असेल ते एका फाइलला लावा. वहिनी टोरांटोत, मुलं तिकडं, आत्या ब्याऐंशी वर्षांची, त्यामुळं हे सगळं माझ्यावर आलं. मी बँकेत काम करते, कागदांची सवय आहे, पण कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते.

आधी पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि दादा कळंबा जेलला. परदेशी नागरिकाला अटक झाली की त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करायचा त्याला हक्क असतो, 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे, आणि पोलिसांनी तो त्याला सांगायचा असतो. भारत त्याच्या नागरिकत्वाचा देश नसल्यामुळं ब्रिटन आणि कॅनडा, दोन्हींच्या वकिलाती मदत करू शकतात. मदत म्हणजे काय ते नीट समजून घ्या, ते जामिनाचे पैसे देत नाहीत, कोर्टाला काही सांगत नाहीत, वकिलांची यादी देतात, जेलमध्ये तब्येत विचारतात. आणि आरोपीची लेखी संमती असल्याशिवाय नातेवाइकांना काहीही सांगत नाहीत, मग बायको असो नाहीतर बहीण. तेव्हा पहिल्याच मुलाखतीला संमतीच्या फॉर्मचं बोलून ठेवा, जेलच्या शिक्क्यानिशी सही व्हायला आमचा आठवडा गेला. एफआयआर मराठीत असतो, त्यांना इंग्रजी लागतो, भाषांतराला पानामागं दोन-अडीचशे रुपये पडले.

खालच्या कोर्टात अर्ज फेटाळला गेला, ते वकिलांनी आधीच सांगितलेलं. मग कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात सत्र न्यायालयात अर्ज. आधी पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, यायला लागतो, त्यासाठी तारीख पडते, मग युक्तिवादाला तारीख. ईकोर्ट्सचं ॲप घ्या आणि केसचा सीएनआर नंबर टाकून ठेवा, पुढची तारीख त्यावर दिसते, सारखं वकिलांना फोन करावा लागत नाही.

जुलैतली ती सुनावणी मला नीट आठवते. तपास अधिकाऱ्यांनी दोन्ही पासपोर्ट आणि ओसीआयचं पुस्तक आणलेलं. सरकारी वकिलांनी टेबलावर तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, एक जमा करून घेतला तर दुसऱ्यावर जाईल, दोन्ही घेतले तर वकिलातीत जाऊन हरवला म्हणून तात्पुरता कागद काढेल, बायको-मुलं तिकडं, पैसा तिकडं, एकदा गेला की वर्षानुवर्षं हातात येणार नाही. मल्ल्याचं नाव घेतलं. दहा मिनिटांत संपलं सगळं. मी मागच्या बाकावर बसलेले, मनात म्हणाले, मीच ऐकत असते तर मलाही पटलं असतं. चार दिवसांनी अर्ज फेटाळला. आत्याला काय सांगायचं हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यात अवघड होता.

त्या संध्याकाळी राजारामपुरीत वकील साहेबांच्या ऑफिसात बसलो. त्यांनी जे सांगितलं त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं म्हणून सविस्तर लिहिते. ते म्हणाले, "ताई, पासपोर्ट किती आहेत यावर आपण भांडत बसलो तर हरणार. कोर्टाच्या मनात प्रश्न वेगळा आहे. हा माणूस गेलाच, तर कायद्यानं परत आणता येईल का? त्याचं उत्तर आपण कागदावर द्यायचं."

आणि हे उत्तर प्रत्यार्पणाच्या, म्हणजे पळालेला आरोपी एका देशानं दुसऱ्याच्या हवाली करायच्या, करारात असतं. कार्लोस घोन आठवत असेल, निसान कंपनीचा मोठा अधिकारी, त्याच्याकडं ब्राझील, फ्रान्स आणि लेबनॉन अशी तीन नागरिकत्वं. जपानमध्ये 2018 ला अटक झाली, 2019 ला जामीन मिळाला, पासपोर्ट वकिलांच्या ताब्यात, तरी डिसेंबर 2019 मध्ये तो पळाला. गेला कुठं, तर लेबनॉनला, कारण लेबनॉन स्वतःच्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाही आणि जपानशी त्यांचा करारही नाही. जामिनाचे दीड अब्ज येन जपाननं जप्त केले, माणूस काही हातात आला नाही. म्हणजे तीनपैकी एक नागरिकत्व असं होतं की तिथं पोचला की विषय संपला. आमच्या दादाची दोन नागरिकत्वं तशी आहेत का, एवढंच दाखवायचं होतं.

मग मी रात्री बसून शोधायला लागले. परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर कोणत्या देशाशी प्रत्यार्पणाचा करार आहे त्याची यादी आणि करारांची पूर्ण प्रत फुकट मिळते, तीच प्रिंट काढा, बातम्यांची कात्रणं नकोत. ब्रिटनशी भारताचा करार 1992 चा, कॅनडाशी 1987 चा. आणि हे दोन्ही देश आमचा नागरिक आहे एवढ्यावरनं नाही म्हणत नाहीत. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रत्येक देशाचं असं नसतं. फ्रान्सशी आपला करार आहे पण फ्रान्स स्वतःचे नागरिक देत नाही, युएईच्या करारातही तेच आहे, ते म्हणतात आम्ही आमच्याकडंच खटला चालवू. तुमच्या माणसाकडं यातलं एखादं नागरिकत्व असेल तर वकिलांना पहिल्या दिवशीच सांगा, लपवू नका, तिथं युक्तिवाद पूर्ण वेगळा करायला लागतो.

नुसता करार दाखवून भागत नाही, तो वापरला गेलाय हे दाखवायला लागतं. ब्रिटनसाठी आम्ही संजीव चावलाचं उदाहरण घेतलं, मॅच फिक्सिंगमधला, ब्रिटिश नागरिक, त्याला फेब्रुवारी 2020 मध्ये लंडनहून दिल्लीला आणलं. कॅनडासाठी जस्सी सिद्धू खून प्रकरण, त्यात आरोपी असलेल्या तिच्या आई आणि मामाला, दोघंही कॅनडाचे नागरिक, तिथल्या सुप्रीम कोर्टानं 2017 ला हिरवा कंदील दिल्यावर जानेवारी 2019 मध्ये भारतात पाठवलं. दोन्ही देशांत गुन्हा असलेलीच गोष्ट प्रत्यार्पणाला चालते, फसवणुकीत ती अट पूर्ण होतेच. स्वतःच्या भावासाठी असं लिहिताना विचित्र वाटायचं, तो पळाला तर त्याला कसं पकडून आणता येईल याचीच फाइल मी तयार करत होते, पण त्याच्या सुटकेचा रस्ता तिथनंच जात होता.

सरकारी वकिलांचा मल्ल्याचा मुद्दा खोटा नव्हता हे मात्र मान्य करायला लागतं. मल्ल्या मार्च 2016 ला गेला, लंडनच्या कोर्टानं डिसेंबर 2018 ला प्रत्यार्पणाला होकार दिला, तरी तो अजून तिकडंच. करार असला तरी वेळ लागतोच. त्यावर वकील साहेबांनी दोन गोष्टी काढल्या. एक, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2019 मध्ये चिदंबरम यांना जामीन देताना म्हटलंय की दुसरे कुणी पळाले म्हणून या आरोपीचा जामीन नाकारता येत नाही, त्या त्या माणसाचं बघायचं. दुसरी गोष्ट मला जास्त पटली. नागरिकत्व कधी घेतलं ते बघा. नीरव मोदीला लंडनमध्ये 2019 ला जामीन नाकारताना ऐन वेळी वानुआटूचं नागरिकत्व मिळवायचा प्रयत्न केला हेही त्याच्या विरोधात गेलं. चोक्सीनं अँटिग्वाचं 2017 च्या शेवटी घेतलं आणि जानेवारी 2018 मध्ये देश सोडला. आमच्या दादाचं एक जन्माचं आणि दुसरं धंदा सुरू व्हायच्या कितीतरी आधीचं. म्हणून जन्मदाखला आणि कॅनडाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, दोन्हीवरच्या तारखा अधोरेखित करून जोडल्या. वहिनीनं ते तिकडनं कुरिअरनं पाठवले, साडेचार हजार रुपये लागले पण आठवड्यात आले.

आता हायकोर्ट. पूर्वी याचा अर्थ मुंबई, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस नाहीतर बस, तिथला खर्च. आमचं नशीब म्हणायचं की 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम इथं चालतं. चाळीस वर्षांहून जास्त वकील आणि लोक यासाठी भांडले, लहानपणी ते मोर्चे बघायचो तेव्हा याचा आपल्याला काय उपयोग हे कळत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी आमचा अर्ज तिथं दाखल झाला आणि आत्या स्वतः रिक्षानं सुनावणीला येऊ शकली, मुंबईला ती कधीच जाऊ शकली नसती.

मधल्या काळात दोन धक्के. साठ दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं, त्यामुळं मुदतीत तपास झाला नाही म्हणून आपोआप मिळणारा जामीन गेला. आणि त्याच ऑगस्टमध्ये केंद्राची अधिसूचना आली की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झालं तरी ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते. वहिनीचा रात्री दोन वाजता फोन, ती नुसती रडत होती. बऱ्याच लोकांना वाटतं ओसीआय म्हणजे भारताचं दुसरं नागरिकत्व, तसं नाही, 1955 च्या नागरिकत्व कायद्यानं आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व चालतच नाही, ओसीआय हा आयुष्यभराचा व्हिसा समजा, आणि व्हिसा सरकार काढून घेऊ शकतं. जामिनाची अट असणार देश सोडायचा नाही, आणि ओसीआय गेलं तर राहायचा कागद नाही. वकिलांनी अर्जातच लिहून टाकलं की अशी वेळ आली तर आरोपी कोर्टाला कळवून परदेशी नागरिक नोंदणीकडं, म्हणजे आमच्याकडं एसपी ऑफिसला, रीतसर अर्ज करेल. अजून तशी नोटीस आलेली नाही.

सुनावणी गणपतीनंतर लागली, मग बोर्डावर नंबर आला नाही, मग पुढची तारीख. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दिवाळीच्या सुट्टीआधी, एकदाचा युक्तिवाद झाला. सरकारी वकिलांनी या वेळी मागितलं की जामीन द्यायचाच असेल तर मोबाइलवर गुगल लोकेशन सतत पोलिसांना दिसलं पाहिजे, आणि दोन्ही वकिलातींकडनं हा माणूस देश सोडणार नाही असं हमीपत्र आणा. वकील साहेबांकडं निकाल तयार होता, फ्रँक व्हायटस नावाच्या नायजेरियन आरोपीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 8 जुलै 2024 ला लोकेशनची अट रद्द केली, कारण सतत पाळत ठेवणं हे राज्यघटनेच्या कलम 21 च्या, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या, विरोधात जातं, आणि वकिलातीचं हमीपत्र मिळणं आरोपीच्या हातात नसतं म्हणून ती अटही सरसकट घालता येत नाही असं सांगितलं. कलम 21 परदेशी माणसालाही लागू आहे. हा निकाल प्रत्येक परदेशी आरोपीच्या घरच्यांनी प्रिंट काढून ठेवावा.

त्याऐवजी आम्ही स्वतःहून दिलं ते असं: दोन्ही पासपोर्ट कोर्टात जमा, परवानगीशिवाय नवीन पासपोर्ट किंवा प्रवासाचा कुठलाही कागद मागणार नाही असं दादाचं प्रतिज्ञापत्र, आणि पासपोर्ट कोर्टात आहेत असं दोन्ही वकिलातींना पाठवलेल्या पत्रांची पोच. सत्र न्यायालयात जो मुद्दा उत्तर नसलेला वाटला होता त्याला हे उत्तर होतं. न्यायमूर्तींनी करारांच्या प्रती चाळल्या, एकच विचारलं, दोन्ही देशांशी करार आहे ना आणि लुकआउट सर्क्युलर चालू आहे ना. दोन्हींना हो. जामीन मंजूर. आत्याला ऐकू कमी येतं, तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, ती तिथंच खाली बाकावर बसली.

आदेश झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. दोन स्थानिक जामीनदार पाहिजेत, त्यांचा सातबारा, आधार, आणि तेवढी मालमत्ता आहे असं सांगणारा ऐपत दाखला. ऐपत दाखल्याचा अर्ज सेतू किंवा ई-सेवा केंद्रातनं तहसीलला जातो, तलाठ्याचा अहवाल लागतो, याला दोन आठवडे धरून चला. म्हणून वकिलांना आधीच सांगा की चार आठवड्यांसाठी रोख जामिनावर सोडण्याची सोय मागा, ती मिळते, आम्ही एक लाख रोख भरले आणि तेवढ्या वेळात कागलच्या माझ्या सख्ख्या काकांनी आणि दादाच्या शाळेतल्या मित्रानं जामीनदार म्हणून कागद पुरे केले. परदेशी नागरिकाला जामीन राहायचं म्हटल्यावर दोघं-तिघं जवळचे मागं सरले, त्यांनाही दोष देत नाही, तो पळाला तर रक्कम यांच्याकडनं वसूल होते. सुटकेचा आदेश जेलला संध्याकाळी उशिरा पोचला तर माणूस दुसऱ्या दिवशी सुटतो, तेव्हा सकाळपासनं मागं लागा. पासपोर्ट कोर्टात जमा करताना पाकिटावर लाखेचं सील होईपर्यंत तिथंच थांबा आणि नंबर लिहिलेली पावती घ्या, आम्ही दोन्ही पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स आधी काढून ठेवली होती.

खर्च सांगते, लोक विचारतात. खालच्या दोन कोर्टांचे मिळून साठ-सत्तर हजार, हायकोर्टाचे दोन लाखांच्या आसपास, भाषांतर, नोटरी, नकला, कुरिअर धरून अजून तीसेक हजार. रोख जामिनाचे एक लाख जामीनदार मंजूर झाल्यावर परत मिळतात, त्यासाठी वेगळा अर्ज करायला लागतो, आमचे अजून यायचेत.

आता दादा आत्याजवळ आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी पोलीस स्टेशनला हजेरी, जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही. सांगलीला लग्नाला जायचं म्हटलं तरी अर्ज. हजेरीच्या रजिस्टरवर सही केली की मोबाइलवर त्या पानाचा फोटो मागा, नाही दिला तर स्वतःच्या वहीत तारीख-वेळ लिहून तिथल्या अंमलदाराची सही घ्या, कारण अट मोडली असं कुणी म्हटलं तर तेच दाखवायला लागतं. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच्या खिशात आणि एक माझ्याकडं असते. वहिनी आणि मुलं डिसेंबरमध्ये इकडं येतायत. परदेशी जायची परवानगी साक्षी-पुरावे सुरू झाल्यावर मागू असं वकील साहेब म्हणतात, तेव्हाही हीच करारांची फाइल परत लागणार आहे म्हणून ती मी कपाटात वरच ठेवलीय.